अंगावरची बाकी

दसरा झाला की शिरूर कासार तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॉलीत भांडी, पत्रे, कोंबड्या, एखादी शेळी आणि लेकरं भरायची आणि कृष्णाकाठी, नाहीतर थेट बेळगावकडं निघायचं, हे बीड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागं मुकादम आधीच उचल देतो आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. तोडलेला ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो, वजनाची पावती निघते आणि पावतीवरचे टन मुकादमाच्या वहीत चढतात. हंगाम संपला की ती वही उघडते. उचल फिटली तर फिटली, नाहीतर बाकी अंगावर राहते. बाकी अंगावर राहिली की पुढच्या दसऱ्याला परत त्याच मुकादमाच्या ट्रॉलीत बसावं लागतं.

ही गोष्ट ज्या ताईची, तिचे आई-बाप दोघंही असेच कोयत्यावर गेलेले. ती आजीपाशी राहून शिकली, बीडला जाऊन बीसीए झाली आणि शिरूरच्या एसटी स्टँडजवळ तिनं दोन संगणक आणि एक झेरॉक्स मशीन मांडून दुकान टाकलं. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही कामं चालायची. डोक्यात मात्र एक जुनी सल होती. एका हंगामात तिच्या वडिलांनी मनात मोजून ठेवलेले टन आणि वहीतले टन जुळले नव्हते. वडील म्हणाले, वहीत कमी आहेत. मुकादम म्हणाला, पावत्या दाखवा. पावत्या पावसात भिजून लगदा झाल्या होत्या.

म्हणून तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. काम साधं होतं. गाडी काट्यावरून उतरली की टोळीतल्या कुणीतरी पावतीचा फोटो काढून पाठवायचा. प्रोग्रॅम तो फोटो जपून ठेवणार, टन त्या कोयत्याच्या नावावर मांडणार आणि उचलीतून किती फिटलं ते सांगणार. ज्याला अक्षर येत नाही त्यानं नुसतं मिस कॉल द्यायचा, की ताईचा फोन जायचा आणि ती आकडा वाचून दाखवायची. २०२० च्या दसऱ्याला आठ टोळ्या, म्हणजे शंभराच्या आसपास कोयते तिच्या हिशेबात आले. पैसे ती कुणाकडून घेत नव्हती.

आता हे सगळं ठेवायचं कुठं? दुकानातल्या संगणकावर ठेवलं तर शिरूरची वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि रात्री अकराला कृष्णाकाठच्या फडातून आलेला फोटो घ्यायला दुकान उघडं नसतं. तेव्हा सर्व्हर भाड्यानं घेणं आलं. मोठ्या डेटा सेंटरमधल्या एका दणकट संगणकाचे सॉफ्टवेअरनं वीस-पंचवीस भाग पाडतात, प्रत्येक भाग गिऱ्हाइकाला स्वतंत्र संगणकासारखा वापरता येतो, त्याला व्हीपीएस म्हणतात. ताईनं दोन भाव काढले. आपल्याकडच्या एका कंपनीचा भाव महिन्याला हजाराच्या पुढं होता. त्यात देखरेख, रोजची प्रत आणि मराठीत बोलणारा माणूस फोनवर, असं सगळं धरलेलं होतं. दुसरी परदेशातली कंपनी. एक गिगाबाइट मेमरी, पंचवीस गिगाबाइट जागा आणि वर्षाचे फक्त पंधरा डॉलर, म्हणजे अकराशेच्या आसपास. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ही सेवा देखरेखीविना आहे, आणि डेटाची प्रत ठेवणं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी.

दुकानात रोज सकाळी पेपर वाचायला येणारे निवृत्त गुरुजी तिथंच बसले होते. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली.

“मंजी काय गं ताई? गेलं तर कुणाचं?”

“आपलं, गुरुजी. पण जात नसतंय. डेटा सेंटर असतंय ते.”

“जात नसतंय तर मग लिवलंय कामून?”

ताईकडं याचं उत्तर नव्हतं आणि हंगाम तोंडावर आला होता. तिनं पंधरा डॉलर भरले.

पहिला हंगाम झकास गेला. स्वस्त सर्व्हरला नावं ठेवणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. २०१३ च्या सुरुवातीला डिजिटलओशननं पाच डॉलर महिन्यानं एसएसडीवरचा सर्व्हर विकायला काढला, २०१६ मध्ये त्यांचं केंद्र बंगळुरूला आलं. अशा सेवांनी तालुक्याच्या गावातल्या मुलांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा, जगभरातून उघडता येणारा संगणक दिला. ज्या मुलीच्या घरात अख्ख्या हंगामाची कमाई उचलीत वळती होते, तिला महिना हजार रुपये परवडणारच नव्हते. तो पंधरा डॉलरचा सर्व्हर नसता तर ते शंभर कोयते वहीच्याच भरवशावर राहिले असते. त्या वर्षी हिशेब झाला तेव्हा तिच्या वडिलांच्या टोळीत पहिल्यांदाच आवाज न चढता वही मिटली. मुकादमानंही कुरकुर केली नाही. उलट दोन ठिकाणी त्याच्याच वहीत चूक निघाली आणि त्यानं ती दुरुस्त केली.

त्याच हंगामात, १० मार्च २०२१ ला, फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली एक इमारत पुरती जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ओव्हीएच ही युरोपातली सगळ्यात मोठी होस्टिंग कंपनी, लहानसहान नव्हे. ज्यांनी दुसरीकडं प्रत ठेवली होती ते पुन्हा उभे राहिले. ज्यांनी ठेवली नव्हती त्यांचं होतं नव्हतं ते गेलं. काहींनी तर बॅकअपचे जादा पैसेही भरलेले होते, आणि त्यांच्या त्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आगीत गेल्या. अशा एका गिऱ्हाइकानं दावा लावला आणि २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयानं त्याला एक लाख युरोंच्या वर भरपाई द्यायला लावली. भरपाईनं डेटा काही परत आला नाही. ताईनं ही आगीची बातमी मोबाइलवर वाचली, गुरुजींना वाचून दाखवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पीकविम्याचा फॉर्म उघडला.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडाशी पहिला दणका बसला. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. कार्डावरून आपोआप कापले जाणारे पैसे ग्राहकाच्या नोंदवलेल्या संमतीशिवाय कापायचे नाहीत. नियम ग्राहकाच्या भल्याचा होता, पण कितीतरी परदेशी कंपन्यांनी तशी सोयच केलेली नव्हती, आणि देशभर लोकांची नूतनीकरणं अडकली. ताईचं वर्ष नेमकं तेव्हाच भरत होतं. पैसे कापले गेले नाहीत, मेल गेला स्पॅममध्ये आणि एका सकाळी सर्व्हर बंद. मदतीसाठी लिहिलं तर पंधरा तासांनी दोन ओळी आल्या. बिल थकलं आहे, सात दिवसांत भरलं नाही तर डेटा कायमचा पुसला जाईल. तिच्या पोटात गोळा आला. शेवटी पुण्यात नोकरीला असलेल्या मैत्रिणीनं स्वतःच्या खात्यातून पैसे भरले आणि सर्व्हर परत चालू झाला.

गुरुजींनी त्या दिवशी पेपर बाजूला ठेवला. “ताई, एक इचारतो. ह्ये जे हाय तिथं, त्याची नक्कल कुठंय?”

“घेते गुरुजी.”

तिनं खरोखरच घेतली. कंपनीच्या पॅनेलवर ‘दररोज बॅकअप’ असा एक पर्याय होता, महिन्याला एक डॉलर. तिनं तो चालू केला, हिरवी खूण आली. त्या खुणेवर तिचा जीव निर्धास्त झाला. बॅकअप म्हणजे नेमकं काय होतंय, कुठं जातंय, परत कसं काढायचं, हे तिनं पाहिलं नाही. मला विचाराल तर या गोष्टीतली खरी पडझड इथं, या हिरव्या खुणेपाशी झाली. पुढं जे घडलं ते फक्त त्या पडझडीचं दिसणं होतं.

डिसेंबरात रोज संध्याकाळी सर्व्हर रेंगाळायला लागला. सात ते दहा याच वेळात पावत्यांचे फोटो येतात, आणि नेमका तेव्हाच एकेक फोटो चढायला मिनिटभर लागायचा. फडातल्या बायका फोन करून विचारायच्या, “ताई, गेला का गं फोटू?” ताईनं सर्व्हरवर शिरून टॉप हा कमांड दिला. तिथं शेवटी ‘एसटी’ नावाचा एक आकडा दिसतो. आपल्याला प्रोसेसर हवा होता पण तो दुसऱ्या गिऱ्हाइकांना दिला गेला, असा वेळ किती, ते तो सांगतो. तो शून्याच्या आसपास असायला हवा. संध्याकाळी तो तीसच्या वर जात होता.

वडील त्या आठवड्यात आजीच्या दुखण्यामुळं फडातून घरी आले होते. त्यांना तिनं पडद्यावरचा आकडा दाखवला आणि समजावून सांगायला लागली. त्यांना फार सांगावं लागलं नाही.

“आपल्या सामाईक हिरीवानी हाय की ह्ये. पाणी चार पाळ्यांचं, आन्‌ भावकीनं वाटून दिल्या सहा पाळ्या. समदे येगयेगळ्या टायमाला मोटर लावतेत तवर भागतंय. लाइट आली की समदे संगंच लावणार. मग हाय का पानी?”

“व्हय आण्णा. अगदी तसंच.”

“मग त्यानला इचार की, पाळ्या किती वाटल्या.”

तिनं विचारलं. उत्तर आलं की स्वस्त योजनेत प्रोसेसर सामाईक असतो, हमी हवी असेल तर वरची योजना घ्या. यात खोटं काही नव्हतं. स्वस्त सर्व्हरचं गणितच असं आहे, सगळे गिऱ्हाईक एकाच वेळी पूर्ण वापर करणार नाहीत हे धरून विकायचं. तिनं फोटो लहान करून घ्यायची सोय केली, टन मांडायचं काम रात्री दोनला ढकललं आणि सर्व्हर परत चालता झाला. हे काम तिनं फार हुशारीनं केलं. गडबड एवढीच की दोन्ही वेळा संकट डोक्यावरून गेलं, आणि त्यामुळं आपण या सर्व्हरला ओळखून आहोत असं तिला वाटायला लागलं.

२०२१-२२ चा हंगाम महाराष्ट्रात कधी नव्हे इतका लांबला. ऊस इतका होता की मे उलटला तरी फड उभे होते. फेब्रुवारीचा शेवट असेल, एका पहाटे सर्व्हर बंद पडला. ताई आधी घाबरली नाही. दुपारी मेल आला. ज्या मूळ संगणकावर तुमचा भाग होता त्याच्या डिस्क एकापाठोपाठ निकामी झाल्या, डेटा परत मिळवता आलेला नाही, गैरसोयीबद्दल एका महिन्याचं भाडं तुमच्या खात्यात जमा केलं आहे.

तिनं बॅकअपचं पान उघडलं. रोजच्या तारखा ओळीनं होत्या, प्रत्येकीपुढं हिरवी खूण. शेवटच्या तारखेवर बोट ठेवून तिनं ‘परत आणा’ दाबलं. फाइल सापडत नाही, असं आलं. आदल्या दिवशीची दाबली, तेच. कंपनीला लिहिलं. उत्तर रात्री आलं. या योजनेत बॅकअप त्याच मूळ संगणकावर ठेवले जातात, ते तुमच्या हातून चुकून पुसलं गेलं तर उपयोगी पडावेत म्हणून.

हे नवं नव्हतं. जून २००९ मध्ये व्हीएसर्व्ह या ब्रिटिश कंपनीच्या सर्व्हरांवर हल्ला होऊन सुमारे एक लाख वेबसाइटींचा डेटा पुसला गेला होता, आणि त्यातल्या निम्म्याजवळ गिऱ्हाइकांनी बॅकअप नसलेली स्वस्त योजना घेतलेली होती. तेरा वर्षांत तंत्र कुठल्या कुठं गेलं. बारीक अक्षरातली ती ओळ मात्र जिथल्या तिथं आहे, आणि ती न वाचणारी माणसंही. फरक असा की तिकडं बुडाल्या त्या बहुतेक ज्याच्या त्याच्या वेबसाइटी. इथं पैसे वाचले ताईचे आणि गेला तो फडात पहाटे चारला उठणाऱ्या बायांचा पुरावा. दुसऱ्याचा हिशेब आपल्या हातात असताना आपण जी काटकसर करतो ती आपल्या खिशातून होत नसते, हे तिला त्या रात्री दुकानात बसून कळलं. शटर अर्धं ओढून ती बसली होती.

टोळ्यांपैकी एका टोळीचा मुकादम गावातलाच होता. त्याला कुणकुण लागली. तो आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, कामून बोभाटा करायलीस? माजी वही हाय. त्यातले आकडे टाक तुज्या मशिनीत आन्‌ दे दाखवून. कुणाला काय कळतंय.”

वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की आपण मदत करतोय. आणि सोपं होतं ते. ताई म्हणाली, “दादा, तुमची वही मला लागणार हाय. पण वहीतला आकडा वहीतला म्हनूनच लिवीन. मशिनीतला म्हनून न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं आठही टोळ्यांना एकेक फोन लावला. सर्व्हर गेला, तीन-साडेतीन महिन्यांच्या पावत्या गेल्या, ज्याच्याकडं जे असेल ते पाठवा. काही जण भडकले. एकानं शिवी दिली. बहुतेकांनी विचारलं, “मग आता?” आणि मग एकेक फोटो यायला लागला. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये पावत्यांचे फोटो तसेच पडून होते, कारण पुसायचे कसे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाच्या मेहुण्याच्या फोनमध्ये निघाले, कुणी टोळीच्या ग्रुपवर टाकलेले होते. तीन आठवडे ती दुकान बंद झाल्यावर रात्री ते जुळवत बसायची. गुरुजी समोर बसून वजन मोठ्यानं वाचायचे, ती टंकत जायची.

तुम्हाला वाटेल, कागद कामाला आला असेल. रायमोहाकडच्या एका काकूंनी प्रत्येक पावती जपून ठेवली होती. मुलाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात तारीखवार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली. त्यांचा फोन डिसेंबरात पाण्याच्या हौदात पडला होता, म्हणून त्यांचा सगळा भरवसा या डब्यावर. टोळीतल्या एका पोरानं डबा उघडून फोटो काढायला घेतले आणि थांबला. त्या कारखान्याच्या पावत्या थर्मल कागदाच्या होत्या, एसटीच्या तिकिटाचा असतो तसला कागद, ज्यावर शाई नसते, उष्णतेनं अक्षर उमटतं. डबा कोपीत चुलीशेजारी असायचा. वरचे गठ्ठे निळसर काळे पडले होते, खालचे कोरे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंतच्या एकाही पावतीवर आकडा वाचता येत नव्हता.

शंभरातल्या नव्वदांच्या वर कोयत्यांचा हिशेब पुन्हा उभा राहिला. उरलेल्यांसाठी ताईनं मुकादमांच्या वह्यांतले आकडे घेतले आणि प्रत्येकापुढं ‘वहीप्रमाणे’ असा शब्द लिहिला. कारखान्यात जाऊनही ती चौकशी करून आली. तिथली नोंद करार करणाऱ्याच्या नावावर असते, कोयत्याच्या नावावर नाही.

काकूंच्या त्या दीड महिन्याचे वहीत जेवढे टन होते, त्याहून वीस टन जास्त तोडल्याचं काकूंचं म्हणणं होतं. त्यांनी खेपा मोजल्या होत्या. रोजची एक टायरगाडी, गाडीला दोन-अडीच टन, चार दिवस खाडा. मुकादमाचं म्हणणं, मधे आठ-दहा दिवस एक बैल लंगडत होता, गाडी निघालीच नाही. काकू म्हणाल्या, लंगडत होता पण गाडी निघाली. दोघांपैकी कोण बरोबर, हे सांगणारी एकमेव गोष्ट परदेशातल्या एका निकामी डिस्कवर होती.

त्यांच्या अंगावर राहिलेली बाकी त्या वीस टनांत फिटली असती. थोरली लेक पुढच्या वर्षी दहावीला, म्हणून या दसऱ्याला जायचं नाही असं दोघांनी ठरवलेलं. शेवटी दोन शेळ्या विकून त्यांनी बाकी भागवली. ताई पैसे घेऊन रायमोहाला गेली. काकूंनी चहा दिला, पैशाला हात लावला नाही.

“पैशाचं न्हाई माय. माजे टन कुठं गेले त्ये सांग.”

ताई निघाली तेव्हा काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “आता कुटं ठिवतीस?”

हा प्रश्न तिनं मनावर घेतला. लोकांना वाटलं होतं ती आता महागडा सर्व्हर घेईल किंवा हे कामच सोडून देईल. तिनं दोन्ही केलं नाही. सर्व्हर परत स्वस्तातलाच घेतला, दुसऱ्या कंपनीचा, आणि या वेळी वर्षाऐवजी महिन्याच्या बोलीवर, म्हणजे पटलं नाही तर उठता यावं. त्याआधी तिनं त्यांना एक तिकीट पाठवून पाहिलं, रविवारी रात्री, उत्तर किती तासांत येतं ते बघायला. मग दुसऱ्याच एका कंपनीकडं, दुसऱ्या शहरात, नुसती साठवणीची जागा घेतली. रोज रात्री तीनला सगळ्याची एक प्रत तिकडं जाते. दुसरी प्रत दुकानातल्या हार्ड डिस्कवर उतरते आणि ती डिस्क दर आठवड्याला गुरुजींच्या घरी जाते, तिथली दुकानात येते. प्रत गेली नाही तर तिच्या फोनवर संदेश येतो. आणि ‘गेली’ असा संदेश सकाळी आला नाही तरी ती उठून बघते. हे सगळं मिळून महिन्याला तीनशेच्या आत बसलं. प्रत्येक टोळीतल्या तिघांच्या फोनवर आता दर रविवारी त्यांच्या टोळीचा पूर्ण तक्ता जातो. सर्व्हरच्या भाड्यात तिनं जे वाचवलं होतं, ते आता ती रोज स्वतःच्या अंगमेहनतीनं भरते. स्वस्त सर्व्हर घेणाऱ्याला हे भरावंच लागतं, आणि भरणाऱ्याला तो खरोखर स्वस्त पडतो.

एवढं करूनही गुरुजी म्हणाले, “नक्कल हाय म्हंतीस. पर उघडून बघितलीस का?”

गुरुजींना ठाऊक नव्हतं, पण जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात त्या गिटलॅब कंपनीला ३१ जानेवारी २०१७ ला हाच प्रश्न पडला होता. एका थकलेल्या इंजिनिअरनं रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. पाच तऱ्हांनी प्रती ठेवायची व्यवस्था होती. एकही धड चालत नव्हती. एक तर रोज अयशस्वी होत होती आणि तसं कळवणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक नक्कल सापडली म्हणून निभावलं. त्या लोकांचं मला एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. दुरुस्तीचं सगळं काम त्यांनी लोकांना थेट दिसेल असं केलं, काही झाकलं नाही.

श्रावणात माणसं घरी असतात. ताईनं आठही टोळ्यांतल्या दोघा-दोघांना दुकानात बोलावलं. काकूंना आणायला ती स्वतः गेली. टेबलावर एक जुना संगणक ठेवला, त्यात काही नव्हतं. ती म्हणाली, सर्व्हर गेला असं धरा. आता फक्त गुरुजींच्या घरच्या डिस्कवरून सगळं उभं करायचं. काकू, तुम्ही कुठलंही नाव सांगा, कुठलीही तारीख सांगा.

पंख्याचा आवाज होता आणि बाहेर बीडकडं जाणारी एसटी लागली होती. पाऊण तास गेला. पडद्यावर टोळ्यांची नावं आली, मग कोयत्यांची. काकूंनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. तिंतरवण्याच्या एका जोडप्याचं नाव आणि एप्रिलमधली एक तारीख सांगितली. आकडा आला. २.३४० टन.

“पावती दाखव.”

ताईनं पावतीवर बोट नेलं. चौकट रिकामी आली. दुसरी उघडली, तीही रिकामी. ती गप्प झाली. आकड्यांची प्रत रोज जात होती, फोटोंचं कपाट मात्र तिनं प्रतीच्या यादीत घातलंच नव्हतं. आकडे खरे की खोटे हे सांगणारी गोष्टच मागं राहिली होती. कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, “आज कळलं ना? मग आजच कर.”

तिनं तिथंच यादी दुरुस्त केली. फोटो सगळे सर्व्हरवर शाबूत होते. ते डिस्कवर उतरायला संध्याकाळ झाली. निम्मी माणसं गाडी गाठायला निघून गेली, काकू बसून राहिल्या. दिवे लागले तेव्हा ताईनं संगणक पुन्हा कोरा केला आणि पहिल्यापासून सगळं परत उभं केलं. तिंतरवण्याचं जोडपं, एप्रिलची तारीख, २.३४० टन, आणि खाली पावती, अंगठ्याचा ठसा उमटलेल्या कोपऱ्यासकट.

काकूंनी ती डोळे बारीक करून वाचली, मग गुरुजींकडून वाचून घेतली. उठताना पिशवी खांद्याला लावत त्यांनी विचारलं, “पुना कवा दाखवायलीस?”

“अवसेला, काकू. दर अवसेला.”

“मी येते,” काकू म्हणाल्या. “आन्‌ बगायचं नाव मीच सांगणार.”